कथेचा गेम आणि खेळाडूंचं गाऱ्हाणं: पहिल्यांदाच गेम बनवणाऱ्यांसाठी

आमच्या मालवणी मुलखात गाऱ्हाणं घातलं जातं. देवळात, शेताच्या बांधावर, नवी होडी पाण्यात लोटताना गावातला जाणता माणूस पुढे होतो, 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो आणि कुणाचं काय अडलंय, कुठे काय दुखतंय ते एकेक करून देवापुढे मांडतो. भोवतालचे 'होय म्हाराजा' म्हणून साथ देतात. घाटावर याच शब्दाचा अर्थ तक्रार. गेम लोकांच्या हातात गेला की खेळाडूंकडून जे येतं त्यात हे दोन्ही अर्थ असतात. चिडून लिहिलेल्या चार ओळींमागे बहुतेक वेळा तुमच्या पात्रात जीव गुंतलेला माणूस असतो. ज्याला काहीच वाटलं नाही तो लिहीत बसत नाही, गेम काढून टाकतो आणि कामाला लागतो.

मी मालवणजवळ राहते. मावसभाऊ कोड लिहितो, मी कथा आणि संवाद लिहिते. आमचा गेम छोटा आहे, मोबाइलवर दोन-अडीच तासांत संपणारा. किनाऱ्यावरची वाडी, तिथली एक मुलगी, तिची आजी आणि ऐन पावसात पाण्यात गेलेला, परत न आलेला तिचा बापूस. तो तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या. पहिल्या आवृत्तीनंतर कथेबद्दल आणि पात्रांबद्दल जे ऐकायला मिळालं त्याचं काय करायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही पहिलाच कथेचा गेम करत असाल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. गेम बंद पडतो, आवाज येत नाही, मोबाइल तापतो या तक्रारींचा रस्ता वेगळा, त्यात मी शिरत नाही.

पायरी १: काय हलणार नाही ते आधी लिहून ठेवा

दशावतारी नाटकाला पूर्ण लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं ते ठरतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभे राहून घडतात. समोर बसलेले लोक पेंगायला लागले तर नट प्रसंग आवरता घेतो, एखादी जुगलबंदी रंगली तर ती वाढवतो. रात्रभर प्रेक्षकांचं ऐकणं चालू असतं. पण मुख्य आख्यानाआधी होणाऱ्या आडदशावतारात वेद पळवणारा संकासूर लोकांना कितीही हसवू दे, विष्णूच्या हातून त्याचा वध होतोच. तो कुणी टाळ्या वाजवल्या म्हणून वाचत नाही.

तुमच्या गेममधला संकासुराचा वध कोणता, हे पहिला खेळाडू गेम उघडण्याआधी कागदावर लिहा. तीन ओळी पुरतात. आमच्या अशा होत्या: तांडेल परत येत नाही. आजी मालवणीच बोलते. मुलगी शेवटी दर्याकडे पाठ फिरवत नाही. हा कागद कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवलेला आहे. बाकी सगळं, म्हणजे प्रसंगांचा क्रम, संवाद, महिना, जागा, कुणाचं वय, कुणाचा स्वभाव, हलवायला मोकळं.

हे आधीच करायचं कारण साधं आहे. एकदा प्रतिक्रिया यायला लागल्या की मन ठिकाणावर राहत नाही. सोमवारी प्रत्येक ओळ जिवापाड वाटते, आणि मंगळवारी दोन वाईट शेरे वाचले की सगळंच पुसून टाकावंसं वाटतं. अशा वेळी तो कागद कामाला येतो.

पायरी २: माणसं जमवा, आणि त्यांच्या मागे गप्प बसा

गेम बाजारात टाकून मग ऐकायला बसू नका. त्याआधी निदान दोन फेऱ्या घरातल्या, गावातल्या आणि बाहेरच्या माणसांच्या घ्या. आम्ही एका फेरीला सहाजण बसवतो. सहाजणांतले चार एकाच जागी अडखळले तर सातव्याची वाट बघायची गरज उरत नाही.

कोकणात यासाठी वर्षातल्या दोन वेळा फार चांगल्या. एक म्हणजे जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, जाळी विणायची कामं पडवीत चालतात, आणि एरवी पहाटे समुद्रात असणारा तांडेल किंवा खलाशी दुपारी तासभर तुमचा मोबाइल हातात घेऊन बसू शकतो. दुसरी वेळ गणपतीची. मुंबईहून चाकरमानी येतात, घरात वीस माणसं असतात, त्यात मोबाइलवर सतत खेळणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतात आणि कधीच न खेळलेल्या मावश्याही. शिवाय दर फेरीत कोकणाबाहेरचं एक तरी माणूस हवं. आमची एक मैत्रीण अमरावतीची आहे. तिला खाडी म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं, आणि म्हणूनच ती आम्हाला सोन्यासारखी आहे.

खेळणाऱ्याच्या शेजारी बसू नका, थोडं मागे बसा. समजावून सांगू नका. 'इथे दाब' हे तोंडातून निघालंच तर ते वहीत लिहा, कारण त्या ठिकाणी गेमने सांगायला हवं होतं ते तुम्ही सांगितलंत. अंगठ्याकडे लक्ष ठेवा. संवाद वाचणारा माणूस ओळीगणिक थांबून टिचकी मारतो, कंटाळलेला एका दमात टकटक करत पुढे जातो. कुठून ती टकटक सुरू झाली ती ओळ टिपून घ्या. तोंडाने तो 'मस्त आहे' म्हणेल, विशेषतः तो तुमच्या काकांचा मुलगा असेल तर.

खेळून झाल्यावर 'आवडला का?' हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याने जेवण नावाजायचं असतं, तसंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा म्हणा, 'मला ही गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा.' मग ऐका. जे पात्र त्यांच्या सांगण्यात येतच नाही ते गेममध्ये असून नसल्यासारखं आहे. आमच्या पहिल्या फेरीत सहापैकी कुणीही शेजारच्या घरातल्या काकीचं नावसुद्धा घेतलं नाही, आणि तिच्यासाठी मी चाळीस ओळी लिहिल्या होत्या. दुसरा चांगला प्रश्न: 'यातलं कोण तुम्हाला गावात भेटल्यासारखं वाटलं? कोण नाही?'

पायरी ३: शब्द आहेत तसे लिहून घ्या

एक साधा तक्ता करा. रकाने एवढेच: तारीख, गेमची आवृत्ती, खेळणारा कुठला, कोणता प्रसंग, आणि तो नेमकं काय म्हणाला. शेवटचा रकाना त्याच्याच शब्दांत भरा. खेळाडू म्हणाला, 'ह्यो बापूस माका आवडलो नाय' आणि तुम्ही लिहिलंत 'तांडेलाचं पात्र कमकुवत', तर महत्त्वाची गोष्ट हरवली. तो बापूस म्हणाला होता, तांडेल नव्हे. त्याला राग होता तो बाप म्हणून.

पायरी ४: गाऱ्हाणं कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

कथेबद्दलच्या तक्रारी वरवर सारख्या दिसतात पण त्यांची मुळं वेगळी असतात. आम्ही चार ढीग करतो.

पहिला, कळलं नाही. यात सगळ्यात आधी अक्षरं नीट दिसतात का ते बघा. देवनागरीत हे फार घडतं. जोडाक्षरं सुटी पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, आणि खेळाडू म्हणतो 'संवाद समजत नाहीत'. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर चौथी आवृत्ती किंवा त्यापुढची घ्या. २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून त्यात देवनागरीसारख्या लिप्यांची जुळणी नीट होते, त्याआधीच्या तिसऱ्या आवृत्तीत होत नव्हती. आम्ही पंधरा दिवस आजीचे संवाद सोपे करत बसलो होतो, आणि खरा घोळ एका जुन्या मोबाइलवर 'क्ष' आणि 'त्र' फुटत होते हा होता.

दुसरा, पटलं नाही. हा ढीग सगळ्यात मोलाचा. २००८ मधला 'फॉलआउट ३' याचं शिकण्यासारखं उदाहरण आहे. शेवटी किरणोत्साराने भरलेल्या खोलीत कुणीतरी जाऊन मरायचं असतं. खेळाडूबरोबर असलेल्या एका सोबत्याला किरणोत्साराने काहीच होत नाही, हे खेळाडूने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तरी तो आत जायला नकार देतो, हे तुझं प्राक्तन आहे असं सांगतो. लोक चिडले ते नायक मरतो म्हणून तेवढे नाही, जेवढे गेमने स्वतःच घालून दिलेला नियम ऐन वेळी मोडला म्हणून. २००९ च्या मे महिन्यात आलेल्या 'ब्रोकन स्टील' या पुरवणीत तशा सोबत्याला आत पाठवता येऊ लागलं आणि गोष्ट त्यापुढेही चालू राहिली. पटण्याबद्दलची तक्रार दिसली की आधी हेच तपासा: आपणच मागे सांगितलेलं काही इथे विसरलो आहोत का?

तिसरा, आवडलं नाही. यात घाई करू नका. मृत्यू आवडत नाही, विरह आवडत नाही, आणि कधीकधी तेच हवं असतं. पण 'आवडलं नाही'च्या आत पुष्कळदा 'निरोप घेता आला नाही' हे दडलेलं असतं. २०१२ मध्ये 'मास इफेक्ट ३'च्या शेवटावर मोठा गदारोळ झाला. तीन गेममधून घेतलेल्या निर्णयांचं पुढे काय झालं, सोबत्यांचं काय झालं, हे लोकांना दिसलं नव्हतं. बायोवेअर कंपनीने त्याच वर्षी जूनमध्ये एक वाढीव भाग फुकट दिला. मूळ शेवट ठेवला, त्याच्या भोवती प्रसंग भरले, आणि समोर ठेवलेले सगळे पर्याय नाकारण्याची वाटही दिली. 'बाल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये आला, आणि नोव्हेंबर संपता संपता त्यात सहा महिन्यांनंतर सगळे सोबती पुन्हा एकत्र जमतात असा उत्तरभाग घातला गेला. नवं युद्ध नाही, नवा शत्रू नाही, फक्त भेट. मोठ्या कंपन्यांचं बळ आपल्याकडे नाही, पण निरोपाचा एक प्रसंग लिहायला बळ लागत नाही.

चौथा ढीग, दुखावलं. हा लहान असतो, पण आधी उघडायचा. आमच्या गेममध्ये राखणदारापुढे, म्हणजे गाव राखणाऱ्या देवापुढे, गाऱ्हाणं घालायचा प्रसंग होता आणि मी त्याचं कोडं केलं होतं: ओळी योग्य क्रमाने लावल्या तरच वाट उघडायची. कुडाळच्या एका वयस्कर गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, 'गाऱ्हाणं चुकत नसतं, बाय. मनातलं बोललं की ते पोचतं.' मला ते आतून लागलं, कारण हे मला ठाऊक असायला हवं होतं. आता तिथे कोडं नाही. मुलगी कोणतीही ओळ आधी म्हणो, मागून 'होय म्हाराजा' येतंच.

पायरी ५: दुखतं एकीकडे, कारण दुसरीकडे

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोर हाताला हलका लागला तर किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळतं की काहीतरी बिघडलंय. जाळं कुठे फाटलंय ते मात्र वाळूवर आल्याशिवाय दिसत नाही. खेळाडू म्हणजे तो दोर धरलेला माणूस. काहीतरी निसटलं, हे तो सांगतो तेव्हा त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवा. कुठे शिवायचं ते त्याने सांगितलं तर ऐकून घ्या, पण सुई उचलण्याआधी अख्खं जाळं पसरून बघा.

आमच्या तांडेलाचं असंच झालं. पहिल्या आवृत्तीत तो जुलैतल्या वादळी पहाटे इंजिनाची होडी घेऊन मासेमारीला जातो. जाताना मुलीला म्हणतो, 'मी जातंय. माझी वाट बघू नको.' मला ती ओळ फार आवडायची.

पुण्या-मुंबईच्या खेळाडूंनी लिहिलं: हा माणूस बेजबाबदार वाटतो, पोरीला टाकून वादळात जातो, याच्यासाठी आम्ही का रडावं? दोघांनी उपायही सांगितला, त्याला परत आणा. आणि इथे पडवीत बसून खेळणाऱ्या एका खऱ्या तांडेलाने मोबाइल खाली ठेवला नि मला विचारलं, 'बंदीत इंजिनाची होडी कोण बाहेर काढता गो? दंड कोण भरतलो?'

आठवडाभर आम्ही या दोन वेगळ्या तक्रारी समजत होतो. एक पात्राच्या स्वभावाची, दुसरी माहितीच्या चुकीची. तक्त्यात एकाखाली एक वाचल्यावर दिसलं की दोघंही एकाच प्रसंगाकडे बोट दाखवतायत आणि एकच विचारतायत: हा माणूस का गेला? शहरातल्याला बंदी माहीत नव्हती, तरी कारण खोटं आहे हे त्याला जाणवलं होतं.

मग आम्ही तांडेलाला मासेमारीला पाठवलंच नाही. बिगरयांत्रिक होड्यांना ती बंदी लागू नसते, आणि त्याला तर मासे पकडायचेही नव्हते. तो आता वल्ह्याची छोटी होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी जातो. जाताना म्हणतो: 'शेजाऱ्याच्या होडयेचो नांगर सुटलो हा. दोर घालतंय नि येतंय. तू पेज गरम ठेव.'

एवढंच. त्याच्या आधी दोन प्रसंग मागे शेजारची काकी दोर जुना झाल्याचं बोलते, ती एक ओळ वाढवली. म्हणजे जिचं नाव कुणी घेत नव्हतं त्या काकीलाही काम मिळालं, आणि पुढे तिच्या अपराधी वाटण्यातून एक अख्खा प्रसंग आपसूक उभा राहिला. तांडेल अजूनही परत येत नाही. त्यानंतरच्या फेरीत 'बेजबाबदार' हा शब्द कुणाच्याही तोंडून आला नाही, आणि त्याला परत आणा असं सांगणारे दोघे म्हणाले की त्यांना आजीशी अजून थोडं बोलायला आवडलं असतं.

म्हणून कामाची रीत अशी ठेवा. तक्रार ज्या प्रसंगावर आली तिथून मागे मागे जा. त्या पात्राबद्दल खेळाडूला तोपर्यंत काय काय माहीत आहे, ते फक्त गेममधल्या ओळींवरून लिहून काढा. तुमच्या डोक्यात असलेलं धरू नका. माझ्या डोक्यातला तांडेल प्रेमळच होता. गेममध्ये तसं दाखवणारी एकही ओळ नव्हती.

पायरी ६: बोलीबद्दल जे येईल ते वेगळं काढा

मराठी गेममध्ये पात्रांवरच्या तक्रारींचा मोठा हिस्सा भाषेचा असतो, आणि कोकणात तर दर दहा मैलांवर. वेंगुर्ल्याचा माणूस मालवणच्या बोलण्याला 'आमच्याकडे असं म्हणत नाहीत' म्हणेल, रत्नागिरीच्या संगमेश्वरी बोलीचा बाज निराळा, रायगडातली आगरी त्याहून निराळी. माणसंही एक नाहीत. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर गाबीत आहेत, रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी, उत्तरेला कोळी. मुंबईच्या कोळीवाड्यातला पेहराव देवगडच्या पात्राला चढवलात तर पहिल्याच चित्राला लोक विचारतील, ही कुठली? आणि त्यांचं बरोबर असेल. यावर उपाय एकच: गेमचं गाव नकाशावर नेमकं ठरवा. काल्पनिक नाव द्या हवं तर, पण ते तारकर्लीच्या बाजूचं की विजयदुर्गाच्या, हे तुम्हाला पक्कं माहीत हवं. मग 'आमच्याकडे असं नाही' या तक्रारीला 'हो, हे गाव तुमच्या उत्तरेला आहे' असं सरळ उत्तर देता येतं.

आमची आजी पहिल्या आवृत्तीत म्हणायची, 'अगं बाळ, तू कुठे चाललीस गो? माका सांग ना.' प्रमाण मराठीवर मालवणीची फोडणी. वेंगुर्ल्याच्या एका मुलीने लिहिलं, 'आजी नाटकातल्यासारखी बोलता.' आता ती म्हणते, 'चेडवा, पावसात खंय चललंस? आधी पेज घे.' या दोन ओळींमध्ये फरक फक्त शब्दांचा नाही. दुसऱ्या ओळीतली आजी उत्तराची वाट बघत नाही, पेज पुढे करते. बोली नीट पकडली की स्वभाव तिच्याबरोबर येतो.

ती पकडायची कशी? लिहिलेले संवाद कुणाला देऊन 'याचं मालवणी करून द्या' म्हणू नका. ते भाषांतर होतं आणि तसंच वाजतं. प्रसंग सांगा: 'नात पावसात बाहेर निघालीय, तुम्ही चुलीपाशी आहात, काय म्हणाल?' परवानगी घेऊन आवाज नोंदवा आणि ऐकून लिहा. आम्ही शेजारच्या एका आजींबरोबर अशा चार दुपारी बसलो, आणि गेममधल्या सगळ्यात चांगल्या ओळी त्या चार दुपारींतल्या आहेत. त्यांचं नाव त्यांना विचारून श्रेयनामावलीत घातलं. मानधनही द्या, ते काम आहे.

दुसऱ्या बाजूने अमरावतीची मैत्रीण सांगत होती की तिला आजीचं अर्धं बोलणं कळत नाही. तिचंही खरं होतं. बोली पातळ करून दोघींनाही अर्धवट खूश करण्यापेक्षा आम्ही शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसेल अशी सोय केली, आणि अवघड शब्द पहिल्यांदा येतो तिथे चित्रातून तो कळेल असं पाहिलं. 'पेज' हा शब्द वाफाळणारं वाडगं समोर असतानाच पहिल्यांदा येतो.

भाषेबद्दल आलेली सगळ्यात खोल तक्रार मात्र वेगळीच होती. कणकवलीच्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारलं, 'तुमच्या गेममध्ये मालवणी बोलणारा मध्येच येऊन हसवतो, आणि महत्त्वाचं काही बोलायचं झालं की मुलगी शुद्ध मराठीत बोलते. असं का?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः घरात मालवणी बोलते, माझ्या आजोबांच्या जाण्याची बातमी मला मालवणीत कळली, आणि तरी दुःखाचे संवाद लिहायला बसले की हात आपोआप पुस्तकी मराठीकडे जात होता. त्या प्रश्नानंतर मुलीचे शेवटचे तीनही प्रसंग मी पुन्हा लिहिले. खेळाडूने दिलेल्या सूचनांपैकी ही एकच अशी, जिने आमचा गेम मुळापासून बदलला. 'हे पात्र असंच का?' असं जेव्हा कुणी विचारेल तेव्हा उत्तर द्यायची घाई करू नका. दोन दिवस तो प्रश्न सोबत बाळगा.

पायरी ७: कुणाचं किती धरायचं

देवाला कौल लावतात तेव्हा एक पाकळी उजवीकडे पडली की उत्तर मिळतं. खेळाडूंचं मत कौलासारखं घेऊ नका. एका माणसाने दहा वेळा लिहिलेली तक्रार ही एकच तक्रार असते. एकमेकांना न ओळखणारे तिघे एकाच प्रसंगाबद्दल बोलले तर थांबून बघा. याला अपवाद दोन: दुखावल्याची तक्रार, आणि त्या कामातल्या जाणकाराची. होडीबद्दल तांडेल एकटा बोलला तरी पुरे.

पायरी ८: बदल लहानातला लहान करा

आधी ओळ बदलून बघा. नाही जमलं तर प्रसंगाची जागा बदला. नवा प्रसंग सगळ्यात शेवटी, कारण त्याला नवं चित्र, नवा आवाज, नव्या चुका लागतात. संवाद कोडमध्ये मिसळू नका, इंक किंवा ट्वाइनसारख्या, गेमची कथा लिहायच्या साधनात वेगळे ठेवा, म्हणजे कोड न येणाऱ्यालाही ते बदलता येतील. बदलण्याआधीची प्रत जपून ठेवा. बदल फसला तर मागे यायला रस्ता लागतो.

एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. जुना सेव्ह घेऊन मध्यावर थांबलेला खेळाडू नवी आवृत्ती घेतो, तेव्हा मागच्या प्रकरणात तुम्ही घातलेली ओळ त्याने ऐकलेलीच नसते. आमच्या खेळाडूंपैकी काहींनी काकीचं दोराबद्दलचं बोलणं ऐकलं नव्हतं, आणि पुढे काकी रडायला लागली तेव्हा ते गोंधळले. आता ज्याने तो प्रसंग पाहिलेला नाही त्याच्यापुरतं आजी एका वाक्यात ती आठवण काढते.

पायरी ९: उत्तर द्या, माणसासारखं

प्ले स्टोअरवर शेऱ्याखाली उत्तर द्यायला ३५० अक्षरं मिळतात, आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या त्यात वेगळ्या धरल्या जातात. म्हणजे चार-पाच वाक्यं. स्टीमवरही शेऱ्याखाली तुमच्या नावाने उत्तर लिहिता येतं. दोन्हीकडे ते सगळ्यांना दिसतं, म्हणून उत्तरात शेवट फोडू नका. 'तांडेल मेल्यावर' असं तुम्हीच लिहिलंत तर पुढच्या माणसाचा गेम तिथेच संपला.

'आपल्या बहुमूल्य अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत' अशा वाक्याने माणसाला टेबलापलीकडे बसवल्यासारखं होतं. त्याने लिहिलेल्यातला एक नेमका शब्द उचला. आम्ही दिलेलं एक उत्तर असं होतं: 'तुम्ही सवड काढून लिहिलंत, बरं वाटलं. आजीचं बोलणं मालवणीच राहील, ती तिथलीच आहे. पण अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की आता अर्थ दिसतो, १.२ आवृत्तीत ही सोय आहे. तरी कुठे अडलं तर तो प्रसंग कळवा.' यात नकार आहे, त्याचं कारण आहे, आणि झालेलं काम आहे.

जे अजून झालेलं नाही त्याचं वचन देऊ नका. वाद घालू नका. 'तुम्हाला कळलं नाही' हे तीन शब्द कधीच लिहू नका. कळलं नसेल तर ते आपलं काम राहिलेलं आहे. राग आला असेल तर उत्तर लिहून ठेवा आणि सकाळी वाचा. मी रात्री दहानंतर उत्तरं पाठवत नाही. फक्त शिव्या असतील तर उत्तर देऊ नका, त्यात कथेबद्दल एखादा शब्द असला तर तेवढा तक्त्यात घ्या.

समोरासमोर खेळलेल्या माणसाचं वेगळं. त्याला लेखी उत्तर नको असतं. त्याच्या घरी जा, बदललेला प्रसंग त्याच्या हातात द्या. नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच पडवीत गेलो. तांडेलकाकांची होडी रंगवून तयार होती, हाताला रंगाचा वास होता. त्यांनी तो प्रसंग सुरुवातीपासून खेळला, नांगर सुटल्याची ओळ दोनदा वाचली, शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग मोबाइल परत देत म्हणाले, 'आता गेलो तो बरोबर गेलो. पण गो, पेज निवली ती खंय दाखवलंस?'

घरी येऊन मावसभावाने वाफ नसलेल्या वाडग्याचं चित्र केलं. १.३ आवृत्तीत ते आहे.